रिपोर्ट तुमचा, बोलणी तिला

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

‘मी ३४ वर्षांचा, बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर. बायको ३१ वर्षांची, शाळेत शिकवते. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या. माझ्या वीर्यतपासणीत दोन्ही वेळा शुक्राणू फार कमी निघाले. आधी एका मिलिलीटरला तीस लाख, तीन महिन्यांनी पंचवीस लाख. हार्मोन्स ठीक, सोनोग्राफी ठीक, नसा फुगलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, ‘अनएक्सप्लेन्ड’ आहे; इक्सी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारखा उपचार, करण्याआधी कॅरिओटाइप आणि वाय गुणसूत्राची अशा दोन रक्ततपासण्या करून घ्या. दोन महिने झाले, मी टाळतो आहे. जनुकांतला दोष निघाला तर त्याला औषध नाही, मग कळून करायचं काय? शिवाय धाकट्या भावासाठी मुली पाहणं सुरू आहे. खानदानात दोष आहे असं बाहेर गेलं तर त्याचं जमणार नाही. माझा रिपोर्ट घरी कोणालाच माहीत नाही. आई बायकोला उपास करायला लावते, कोराडीला ओटी भरायला नेते. बायको म्हणते, जाऊ द्या, मी ऐकून घेते, तुम्ही नका सांगू. ताई, तपासणी करू की नको?’

भाऊ,

करा. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी बायकोच्या त्या वाक्यापाशी अडले. तिथं येईनच. आधी थोडं जीवशास्त्र, कारण तुमची भीती जीवशास्त्राच्या नावाखाली घरोघरी फिरणाऱ्या काही समजुतींवर उभी आहे. मी डॉक्टर नाही. तीसेक वर्षं बीएस्सीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवलं, एवढीच माझी पुंजी.

‘अनएक्सप्लेन्ड’ या शब्दानं तुम्हाला घाबरवलंय असं दिसतं. डॉक्टर बोलताना तो सैलपणे वापरतात. नेमकं बोलायचं तर तो शब्द ज्यांचा वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे, बायकोचंही सगळं ठीक आहे आणि तरी दिवस जात नाहीत, अशांसाठी. तुमच्यासारखा, म्हणजे आकडा कमी पण कारण हाती नाही, त्याला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा साध्या मराठीत अर्थ एकच: नेहमीच्या तपासण्यांच्या उजेडात काही दिसलं नाही. कारणच नाही, असा तो अर्थ नव्हे. आणि ‘तुमच्या नशिबात नाही’ असा तर मुळीच नव्हे.

आकड्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची पातळी मिलिलीटरला एक कोटी साठ लाख दिली आहे. ही रेघ आली कुठून? वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे चढत्या क्रमानं लावले, आणि तळाचे पाच टक्के जिथं संपतात तिथं रेघ ओढली. म्हणजे रेघेखाली असूनही बाप झालेले लोक त्या हिशोबातच आहेत. तुमचा आकडा रेघेच्या बराच खाली आहे हे खरं, पण शून्य नाही. हा फरक तुमच्या बाबतीत मोठा आहे, पुढं कळेल का ते.

आकडा पन्नास लाखांच्या खाली गेला की डॉक्टर गुणसूत्रांकडे बोट दाखवतात. त्यांनी तुमच्यावर काही जास्तीचं लादलेलं नाही, जगभर हीच पद्धत आहे.

पहिली तपासणी कॅरिओटाइप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या मधोमध थांबवायच्या आणि गुणसूत्रं मोजायची. कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर ठेचून आम्ही मुलांना दाखवायचो, तीच ही गंमत, फक्त माणसाच्या पेशीत. नॉर्मल रिपोर्टवर ‘४६, एक्सवाय’ असं लिहून येतं. कधी एक्स एक जास्त निघतो, ‘४७, एक्सएक्सवाय’. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. तो काही दुर्मीळ नाही, सहा-सातशे मुलग्यांमागे एकात असतो, आणि पुष्कळांना मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच त्याचा पत्ता लागतो. कधी संख्या बरोबर असते पण दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. माणूस ठणठणीत असतो, कारण सामान सगळं आहे, फक्त कप्पे बदललेत. अडचण येते ती शुक्राणू तयार होताना, वाटणीच्या वेळी. अशा घरात गर्भपात पुन्हापुन्हा होतात, आणि दोष अर्थातच सुनेच्या ‘कच्च्या पिशवी’ला दिला जातो.

दुसरी तपासणी वाय गुणसूत्राची. इथं मला थोडं रमू द्या, हा माझा आवडता भाग आहे.

लहानपणी आपण सगळ्यांनी ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटसुलट वाचलंय. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर अशी सुलट-उलट सारखी वाचता येणारी प्रचंड लांब वाक्यं आहेत. २००३ साली वायचा मजकूर पहिल्यांदा सविस्तर वाचून झाला तेव्हा अशी आठ सापडली. बाकीच्या गुणसूत्रांना जोडीदार असतो, एकात चूक झाली तर दुसऱ्याकडे पाहून सुधारता येते. वाय बहुतेक लांबीभर एकटा. म्हणून तो आपल्याच आरशात पाहून आपली दुरुस्ती करतो. सोय छान आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. सारखाच मजकूर दोन जागी असला की नक्कल करताना कधी पहिली जागा दुसरीला चिकटते आणि मधला तुकडा गळून पडतो. वही उतरवताना मुलाची नजर एका ओळीवरून तशाच दिसणाऱ्या खालच्या ओळीवर घसरते आणि मधला परिच्छेदच राहून जातो ना, तसं. वायच्या लांब बाजूवर शुक्राणू घडवणारी जनुकं असावीत, हे इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्दी या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्येच सुचवलं होतं. आता त्या पट्ट्याचे तीन भाग धरतात: एझेडएफ-ए, बी आणि सी. कुठला भाग गळलाय तेच या तपासणीत पाहतात.

आता तुमची ‘खानदाना’ची भीती या माहितीसमोर ठेवून पाहा. तुमच्या वडिलांना दोन मुलगे झाले, कुठल्याही उपचारावाचून. तुमच्या वायमधला असा तुकडा गळलेला निघाला, तर बहुतेक वेळा ती चूक वडिलांच्या त्या एका शुक्राणूत, तुमच्या वेळी, पहिल्यांदाच झालेली असते. म्हणजे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं काही नाही, आणि भाऊ वेगळ्या शुक्राणूतून आलाय, त्यामुळे त्याचा वाय शाबूत असण्याचीच शक्यता फार मोठी. ज्याच्या लग्नापायी तुम्ही तपासणी टाळताय, त्याच्या काळजीचं उत्तर या तपासणीतच मिळू शकतं.

अपवाद आहे, तो लपवत नाही. कॅरिओटाइपमध्ये तुकड्यांची अदलाबदल निघाली तर ती आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असू शकते, आणि तशी आली असेल तर भावातही असण्याची शक्यता निम्मी. तेव्हा मात्र त्याला सांगावं लागेल. त्याला एकट्याला. बैठकीत नव्हे, मावशी-आत्यांसमोर नव्हे. पुढं तपासायचं की नाही, होणाऱ्या बायकोला कधी सांगायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. (आणि आईकडून आलंय असं निघालं तर कृपा करून तिला त्यावरून ऐकवू नका. एका बाईवरचा दोष काढून दुसरीच्या पदरात टाकायला मी सांगत नाहीये.)

विदर्भात राहून आपण याला इतकं घाबरावं, याचं मला नवल वाटतं. सिकलसेल आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक, स्वतः चांगला हिंडताफिरता. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळामागे चारात एक शक्यता ‘एसएस’ची, म्हणजे प्रत्यक्ष आजाराची, हे गणित गावातली आशाताई फळ्यावर लिहून दाखवते. लग्न जुळवताना सिकलसेलची तपासणी झाली का, असं सरळ विचारणारी घरं मी पाहिली आहेत. त्यानं कोणाचं खानदान बुडालं नाही. मग बापपणाशी संबंधित जनुक म्हटलं की जीभ का अडते? कारण तिथं आपण रक्ताचा नाही, मर्दानगीचा रिपोर्ट वाचत असतो. शुक्राणूंची संख्या आणि पुरुषाचं पुरुषपण यांचा काही संबंध नाही. तुम्हाला हे डोक्यानं ठाऊक असणार, सुपरवायझर आहात. पण दोन महिने पाय लॅबकडे वळत नाहीत ते याच्यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

‘औषध नाही, मग कळून काय करायचं?’ हा तुमचा मुद्दा सर्वांत वजनाचा, आणि अर्धा खरा. गळलेला तुकडा परत बसवता येत नाही. पण रिपोर्टवरून पुढचा रस्ता बदलतो. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या माणसाचा ए किंवा बी भाग पूर्ण गळलेला असेल, तर अंडकोषातून सुईनं किंवा शस्त्रक्रियेनं काही काढू पाहणं जवळजवळ व्यर्थ ठरतं. रिपोर्ट आधी हातात असेल तर भूल, टाके आणि पैसे वाचतात. सी भागाचं तसं नाही. तिथं शुक्राणू कमी असतात पण असतात, आणि तुमच्यासारख्या, आकडा शून्यावर न गेलेल्या माणसात काही निघालंच तर ते बहुधा इथलं असेल. मात्र अशा पुरुषांत संख्या वर्षागणिक आणखी घसरू शकते. आज पंचवीस लाख आहेत, चार वर्षांनी असतीलच असं नाही. म्हणून तसा रिपोर्ट आला तर डॉक्टर आत्ताच नमुना गोठवून ठेवायला सांगतील. तपासणी टाळण्यात गेलेले दोन महिने काही मोठे नाहीत, दोन वर्षं गेली असती तर मी रागावले असते.

इक्सीमुळे, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या तंत्रामुळे, १९९२ पासून अशा पुरुषांना स्वतःचं मूल होऊ लागलं. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला, तो तुम्हा दोघांनी बसून बोलायला हवा. वायमधला गळलेला तुकडा तुमच्या प्रत्येक मुलग्याकडे जाणार, मुलीकडे कधीच नाही. तो मुलगा धडधाकट असेल, पण तिशीत कदाचित तुमच्याच जागी बसलेला असेल. कोणाला वाटतं, मग मूलच नको. कोणाला वाटतं, एवढ्यासाठी कोण जन्माला यायचं थांबतं! मला स्वतःला दुसरं पटतं, पण तो निर्णय माझा नाही. ‘मग मुलगीच निवडू या’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. गर्भलिंगनिवड १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुकड्यांच्या अदलाबदलीचं वेगळं, तिथं गर्भ रुजवण्याआधी त्याची गुणसूत्रं तपासण्याचा पर्याय असतो आणि तो वारंवारचे गर्भपात टाळू शकतो.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले तर? तीच शक्यता जास्त आहे. मग डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे पुढं जा. फक्त ‘जनुकीय काही नाही’ अशी खात्री मात्र बाळगू नका, कारण या दोन तपासण्या ढोबळ आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये भारतीय पुरुषांचा अभ्यास करून, तोवर वंध्यत्वाशी न जोडलेली आठ जनुकं दाखवली. त्यातल्या एका जनुकातल्या बदलानं शुक्राणू घडवणाऱ्या पेशींचं विभाजनच अडतं. असं संशोधन दवाखान्यातल्या रोजच्या तपासणीत उतरायला वेळ लागतो. ज्या वाचकांचे सगळे आकडे नॉर्मल आहेत आणि तरी मूल नाही, त्यांच्यासाठीही हे सांगतेय: शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारं एक दार असतं, कॅटस्पर नावाचं. ते बिघडलं तर मोजणीत शुक्राणू उत्तम, पळतानाही ठीक, पण बीजाचं कवच फोडायला लागणारी शेवटची उसळी त्यांना मारता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसत नाही. तुमच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय म्हणजे दोष आपोआप बायकोकडे जातो, असं नाही.

आणि ज्यांच्या वीर्यात शुक्राणू शून्य आणि वीर्यही थेंबभरच आहे, त्यांनी सीएफटीआर या जनुकाबद्दल डॉक्टरांना विचारावं. सिस्टिक फायब्रोसिस हा आजार याच जनुकातल्या दोषानं होतो. शुक्राणू तयार होतात, पण त्यांना बाहेर आणणारी नळीच जन्मतः नसते. अशा वेळी इक्सीआधी बायकोचीही तपासणी लागते. तेच सिकलसेलचं गणित: दोघं वाहक निघाले तर बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक.

आता व्यवहाराचं, भराभर. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जोडीनं एकदा युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टना दाखवा, पुरुषाला हात लावून तपासल्याशिवाय सहा वर्षं गेलेली जोडपी मी ऐकली आहेत. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात आणि पुष्कळ लॅब नमुना बाहेरगावी पाठवतात, म्हणून शनिवारी रक्त देऊ नका, आठवड्याच्या सुरुवातीला द्या. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, रोज फोन करून स्वतःला छळू नका. रिपोर्ट समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक आहे का, हे रक्त देण्याआधी विचारा, नंतर नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत चौकशी केल्याशिवाय खासगीतला खर्च ठरवू नका. खर्रा खात असाल तर आज थांबवा. जिममधल्या कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, त्यानं शुक्राणू वाढत नाहीत, बंद पडतात. शुक्राणू घडायला अडीच महिने लागतात, तेव्हा मधे डेंग्यूसारखा मोठा ताप आला असेल तर तेही सांगा. आणि रस्त्याकडेच्या तंबूत ‘शर्तिया इलाज’ करणाऱ्यांकडे जाऊ नका. तुकडा गळलाय तिथं जडीबुटी काय करणार, बाप्पा?

दात्याच्या शुक्राणूंचा विषय निघालाच तर एवढं लक्षात असू द्या की २०२१ च्या कायद्याप्रमाणे तो नोंदणीकृत बँकेतूनच आणि अनोळखीच असावा लागतो. ‘घरातल्या घरात’, दीर वगैरे, ही कुजबुज ऐकू आली तर ती तिथंच थांबवा. दत्तक हाही रस्ता आहे, पण तो हरल्यावरचा पर्याय म्हणून नव्हे, स्वतंत्रपणे मनात यावा. आज त्याची घाई नाही.

राहिली ती ओळ. ‘जाऊ द्या, मी ऐकून घेते.’

चिमाचं ते वाक्य मी वर्गात कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि एका वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सुलट वाचा नाहीतर उलट, बोलणं चिमालाच.’ वर्ग हसला. मी पण हसले. तुमचं पत्र वाचताना ती आठवली.

तुम्हाला वाटतंय की बायकोनं स्वतःहून ही ढाल धरली आहे, तिचा मोठेपणा. असेलही. पण तिच्यापुढं दुसरा पर्याय होता का? तिनं खरं सांगितलं असतं तर ‘नवऱ्याचं नाव खराब करून राहिली’ हे ऐकावं लागलं असतं. दोन बोलण्यांपैकी तिनं कमी दुखणारं निवडलं. सहा वर्षं शाळेतून दमून येऊन उपाशीपोटी ओटीचं ताट धरणारी बाई, आपल्या हातातला रिपोर्ट तुमच्यासाठी गिळते आहे. तुम्ही भावाच्या लग्नाचा विचार केलात, खानदानाचा केलात. पत्रात तिला काय हवंय, हे कुठंच नाही. तिला मूल कितपत हवंय, इक्सीची इंजेक्शनं तिच्या पोटात टोचली जाणार आहेत त्याला ती तयार आहे का, हे विचारलंत? नसेल तर रक्त देण्याआधी ते विचारा.

घरी सगळं सांगायची गरज नाही. आकडे नकोत, वाय नको. आईला एकटं गाठून एवढंच म्हणा, ‘आई, तपासण्या झाल्या आमच्या. कमी माझ्यात आहे, तिच्यात काहीच नाही. इलाज सुरू होऊन राहिला. तिला उपास नको सांगू.’ आई रडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. मग एखाद्या सकाळी तुमच्याच ताटात तूप जास्त वाढेल; आयांचं असंच असतं. धाकट्याच्या स्थळांची काळजी ती बोलून दाखवेल, तेव्हा रिपोर्ट येऊ दे म्हणा. बायकोला मात्र हे आईशी बोलण्याच्या आधी सांगा, आणि ती नको म्हणाली तरी का सांगताय तेही सांगा. नाहीतर तिच्या वतीनं आणखी एक निर्णय तुम्हीच घेतल्यासारखं होईल.

उपास ती तरीही करील कदाचित, स्वतःच्या मनानं. करू द्या. त्या दिवशी साबुदाण्याची उसळ तुम्ही करा.